हिरामणरावांची चक्कर

हिरामणराव आहेरांनी त्या संध्याकाळी एकच छोटासा निर्णय घेतला : गाडी हॉटेलपाशी सोडून रिक्षानं जायचं नाही. "दोन पेगनं काय होतंय? घर तर हे काय, इथंच," असं ते सगळ्यांना सांगून निघाले. (पेग तीन होते, आणि घर पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, जेल रोडला.) वाटेत द्वारका चौकात पोलिसांनी तोंडापुढे नळी धरली. हिरामणराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात क्लार्क. वर्दीतल्या माणसानं पुढे केलेल्या कशालाही नाही म्हणायची सवय नव्हती. त्यांनी मनापासून फुंकलं. कोर्टात दंड झाला आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित.

घरी उज्वलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बडबडणाऱ्या बायकोपुढे निदान गप्प बसता येतं. गप्प बसलेल्या बायकोपुढे माणसानं करायचं काय?

त्यातच त्यांच्या मुलीचं, योगिनीचं, सिन्नरला जमत आलं होतं. मुलगा, अमोल, तिला मनापासून आवडला होता. बोलणी करायला आहेर मंडळी एसटीनं गेली. मुलाच्या आईनं, मंगलाबाईंनी, दारातच विचारलं, "गाडी नाय आणली?"

हिरामणरावांनी तोंड उघडायच्या आत उज्वलाबाई म्हणाल्या, "यांना अधूनमधून चक्कर येते. डॉक्टरांनी गाडी नको म्हटलंय."

अब्रू वाचली. पण ती चक्कर काही सिन्नरला थांबली नाही. मावशीकडून आत्याकडे, आत्याकडून जेल रोडला येईपर्यंत वाटेत तिची फिट झाली. एका सकाळी ऑफिसच्या बसमध्ये हिरामणरावांचा डोळा लागला, मान कलली, आणि जाग आली तेव्हा नाकाला कोणाची तरी चप्पल लागलेली. चप्पल शेजारच्या नवनाथची होती.

"हुंगा साहेब, हुंगा!"

"अरे, झोप लागली होती मला!"

"सगळे असंच म्हणतात," नवनाथ बाकीच्यांना हळहळत म्हणाला.

तेव्हापासून ऑफिसात कोणी त्यांना जिना एकट्यानं उतरू देईना. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'बरे आहात ना?' असं कोणी विचारलं नव्हतं. आता सगळे विचारायचे, तेही नसलेल्या आजाराबद्दल. हिरामणराव रुमालानं डोळे टिपायचे, आणि ते पाहून लोक धावत पाणी आणायचे.

सहा महिने सरले. लायसन्स परत हवं असेल तर आधी तब्येतीचा दाखला आणा, असं आरटीओतून सांगण्यात आलं. नवराबायको घराजवळच्या डॉक्टर कुलथ्यांकडे गेले. डॉक्टर वयस्कर, कानानं जरा कमी.

"फिट येणाऱ्या माणसाला मी गाडीचा दाखला देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"फिट येतच नाही हो मला!"

"मग गाडी का बंद होती?"

हिरामणरावांनी मागे पाहिलं. पडद्याच्या पलीकडे निम्मा जेल रोड नंबर लावून बसला होता. "दारू," ते पुटपुटले.

"वारू? कुठला वारू?"

तेव्हा सहा महिने नवऱ्याशी न बोललेल्या उज्वलाबाई बोलल्या. "दारू, डॉक्टर, दारू! पिऊन गाडी चालवताना पकडलं यांना! फिट-बिट काही नाही, ते मी खोटं सांगितलं होतं!"

पडद्याच्या कडेनं दोन-तीन डोकी आत डोकावली. डॉक्टरांनी हिरामणरावांना तपासलं, जीभ पाहिली, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते पाहिलं आणि सही केली. दोघं खाली मान घालून बाहेर आले, तर बाकड्यावरच्या एका म्हातारीनं उज्वलाबाईंचा हात धरला. "धीराची गं बाई तू. आजार झाकायला नवऱ्याला दारुडा म्हणालीस!"

लायसन्स हातात पडलं त्याच संध्याकाळी मंगलाबाईंचा फोन आला. उज्वलाबाईंनी स्पीकर लावला.

"ताई, राग नका मानू. अमोलचं नाय जमायचं."

"अहो, पण झालं काय?"

"पाव्हण्यांच्या फिटचं कळलं. ते रक्तात उतरतं म्हणत्यात. दारूबिरू असती तर काय नव्हतं. आमच्याकडं समदेच घेतात. पण हे लय अवघड."

योगिनी उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार हळूच लावून घेतलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं. हिरामणरावांनी फोन हिसकावला.

"मंगलाताई, मी दारुडा आहे! देवाशपथ दारुडा आहे! पोलिसांना विचारा, कोर्टात विचारा!" बोलता बोलता आवाज चिरकला, फोन हातातून सुटला, तो धरायला गेले तर टीपॉय उलटला आणि वरचा स्टीलचा तांब्या घरभर गडगडत गेला.

 खाली पडलेल्या फोनमधून मंगलाबाईंचा हलका आवाज आला, "उज्वलाताई, त्यांना आली वाटतं. आधी कुशीवर निजवा. मी ठेवते."

उज्वलाबाईंनी लावलेल्या दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. भांडायचंही त्राण उरलं नसावं. त्यांनी सोफ्यावरची उशी उचलून जमिनीवर ठेवली.

"निजा," त्या म्हणाल्या.

आणि हिरामणराव खिशातलं लायसन्स दुमडणार नाही अशा बेतानं, निमूटपणे कुशीवर निजले.