थोर ठोंबे

आधीच सांगून टाकतो. मराठी भाषेतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या सोसायटीत कुणालाच कळत नाही! ठाण्याच्या कचेरीत साहेबांची भाषणं मीच लिहून देतो. पण डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत मान कुणाला? तर बी विंगच्या शिवरामपंतांना!

हे निवृत्त मास्तर. पाण्याच्या वेळा लिहायचा गेटजवळचा फळा त्यांनी सत्त्याऐंशी साली ताब्यात घेतला आणि रोज सकाळी त्यावर 'आजची गंमत' लिहायला लागले. चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, अमक्या सणाला अमकंच का खातात, असलं काहीबाही. दूध आणायला निघालेल्या बायका तिथेच खिळायच्या! माझी बायको चित्रा तर परीक्षेला बसल्यासारखी वाचायची.

"अहो, पगार पोर्तुगीज आहे!" एकदा ती घरात शिरता शिरता म्हणाली.

"म्हणूनच आपल्याकडे टिकत नाही," मी म्हणालो.

ती हसली नाही. पंतांच्या गमतीवर मात्र स्वयंपाक करताना एकटीच हसायची!

शेवटी मी ए विंगच्या जिन्याखाली माझा स्वतःचा फळा लावला. सुरुवातीला खरीखुरी माहिती लिहिली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. दूधवाल्याने तेवढी फळ्याला सायकल टेकवली. मग ठरवलं, आता माहिती अशी हवी की पंतांच्या कपाटभर पुस्तकांत सापडता कामा नये. आणि याची खात्री कधी? आपणच ती बनवली तर!

दिलं ठोकून: 'ठोंब्या हा मुळात मानाचा शब्द! ठोंब म्हणजे खांब. घरादाराचा आधार तो ठोंब्या. आदराने म्हणायचं तर ठोंबे!'

काय सांगू! संध्याकाळी कामावरून आलेलो, तर जिन्याखाली ही गर्दी! समोरच्या कलावतीबाई नवऱ्याला हाक मारत होत्या, "अहो ठोंबे, पिशवी घ्या ना!" आणि तो गृहस्थ लाजत होता. चित्राने तर चहा पुढे करत म्हटलं, "घ्या ठोंबे. इतकं वाचन कधी केलंत हो?"

मी त्या चहातल्या साखरेपेक्षा लवकर विरघळलो!

दुसऱ्या दिवशी पंत आले. "हे कुठे वाचलंत?"

"जुन्या कागदांत."

"कुठल्या?"

"फार जुन्या!"

पंत डोकं खाजवत गेले. आहाहा! असलं सुख नाही!

तेवढ्यात सोसायटीचा वर्धापनदिन आला. पंतांची पुरती जिरवायची म्हणून पाहुणे मीच आणले, आमचे महिपतराव दळवीसाहेब! माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. म्हणजे एका दगडात... जाऊ दे.

रिक्षातून साहेब उतरले आणि रांगोळीपाशी थबकले. कलावतीबाईंनी टपोऱ्या अक्षरांत काढलं होतं, 'सुस्वागतम् ठोंबे!'

"हे ठोंबे कोण?" साहेबांनी विचारलं.

मी साहेबांना घाईघाईने जिन्याकडे वळवलं. "आहेत... एक जण."

"अरे वा, आणखी पाहुणे आहेत?"

गच्चीवर साहेब खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "ठोंबे येऊ देत, मग सुरू करा. मला घाई नाही."

मी धावलो सेक्रेटरी रमाबाईंकडे. पण त्यांच्या हातात माइक आलेला! मी लांबूनच दोन्ही हात हलवले, नको नको! त्यांना वाटलं, मागे आवाज पोचत नाहीये. त्या आणखी जोरात ओरडल्या, "आजचे प्रमुख पाहुणे, ठाणे कचेरीतले थोर ठोंबे, माननीय दळवीसाहेब!"

टाळ्यांचा कडकडाट! साहेबांचा चेहरा आधी पिकल्या टोमॅटोसारखा, मग वांग्यासारखा झाला. ते उठलेच! माझी बढती मला पंख फुटून खाडीकडे उडताना दिसली.

आणि पंत पुढे झाले.

"साहेब, बसा. शब्दांचे अर्थ बदलतात. साहसच घ्या. संस्कृतात साहस म्हणजे दांडगाई, अविचार. आज आपण साहसी माणसाचा सत्कार करतो. या मंडळींनी तुमचा मानच केला आहे, मनापासून."

साहेब खाली बसले. "हे छान सांगितलंत! म्हणजे ठोंब्याही पूर्वी चांगला शब्द होता?"

"तसं माझ्या पाहण्यात नाही," पंत प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग हा शोध कुणाचा?"

"ह्यांचा!" चित्रा अभिमानाने म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वाटलंच."

जाताना जिन्यात ते म्हणाले, "असा माणूस आपल्या कचेरीत हवा." मी छाती फुगवली. "त्या पंतांना सांगा, रोज मजकूर द्या. आपण दारात फळा लावू."

आता रोज सकाळी पंत मजकुराची चिठ्ठी माझ्या डब्याच्या पिशवीत घालतात आणि ठाण्याला पोचलो की मी ती फळ्यावर उतरवतो. अक्षर माझं, खाली नाव त्यांचं! तशी माझी बढतीही झाली म्हणा. फळा पुसायचं कामसुद्धा साहेबांनी खास माझ्याकडेच दिलंय.

संध्याकाळी घरी आलो की चित्रा विचारते, "आज काय लिहिलंत?" मी सांगतो. ती गॅस बारीक करून कान देऊन ऐकते. आणि म्हणते, "किती हुशार आहेत ना पंत!"