नव्या चाव्याशिवाय

सासऱ्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, त्या दिवसापासून घरात रोज भोपळ्याचं सूप होतं. "बाबांसमोर आपण कुरुमकुरुम चावत बसायचं, हे मला नाही जमणार," असं बायकोने जाहीर केलं होतं. त्यामुळे बत्तीस दात शाबूत असलेला जावईही तीन आठवडे सूपच पीत होता.

आता दिव्याखाली अंधार असा, की जावई कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्येच कामाला होता. तो तिथला सर्व्हर सांभाळायचा म्हणून सगळे त्याला सर्व्हरवाले म्हणत. चाळीस दवाखाने रुग्णांच्या जबड्यांच्या फाइली त्या सर्व्हरवर पाठवत आणि त्यांवरून आत कवळ्या बनत. सासऱ्यांची फाइल सोमवारी येणार होती आणि कवळी गुरुवारी. त्या गुरुवारवर तो दिवस ढकलत होता.

नेमकं त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात कोणीतरी सर्व्हरचं दार ठोठावू लागलं. दिवसाला अकरा हजार चुकीचे पासवर्ड. त्याने मॅडमना, म्हणजे लॅबच्या मालकीणबाईंना, सांगितलं.

"जबड्यांच्या फाइली चोरून कोणाला काय करायचंय?"

"फाइली नकोत हो त्यांना. आत शिरले तर सगळंच बंद पाडतील."

"मग करा काहीतरी. पण काम थांबता कामा नये." ही दोन वाक्यं मॅडम नेहमी एका श्वासात म्हणत.

त्याने काहीतरी केलं. पासवर्ड बंद. प्रत्येक दवाखान्याने आपल्या संगणकावर पासवर्डऐवजी दोन डिजिटल चाव्यांची जोडी तयार करायची, एक स्वतःजवळ जपायची, दुसरी लॅबला पाठवायची. जो तीनदा चुकेल, तो चोवीस तास दाराबाहेर.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरच त्याने दवाखान्यांसाठी सूचना लिहिली. 'सोमवारपासून नव्या चाव्याशिवाय कोणाचीही फाइल स्वीकारली जाणार नाही. कृती सोबत जोडली आहे.' कृती बारा पानांची होती. शेजारी बसलेले सासरे चष्मा सारून वाचत होते. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, समोर अक्षर दिसलं की वाचणारच.

"अनुफाऽ," ते बोट पुढे करून म्हणाले. लॅपटॉपच्या पलीकडेच सुपाचं भांडं होतं.

"आणखी फार हवंय?" जावयाने वाटी भरली.

"अनुफाऽ हायलाय."

"राहिलंय ना, भरपूर राहिलंय." त्याने दुसरी वाटी भरली आणि सूचना पाठवून दिली. सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला आणि चमचा उचलला.

सोमवारी सकाळी लॅबच्या दारात खोका आला. त्यात मेणाच्या अठरा पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीवर कोणाच्या तरी हिरड्यांचा ठसा. अकरापर्यंत आणखी पाच खोके आले. कवळ्या बनवणारे एक कारागीर पट्टी उजेडात धरून म्हणाले, "सर्व्हरवाले, हे चावे कशाला मागवलेत?"

"काय मागवलेत?"

"चावे. रुग्ण मेणात दाबून चावतो ना, त्याला चावा म्हणतात. तुम्हीच लिहिलंय, नव्या चाव्याशिवाय फाइल घेणार नाही."

त्याने सूचना उघडून पाहिली. 'चाव्यांशिवाय'मधल्या 'व्यां'वरचं एक टिंब राहून गेलं होतं, आणि चाळीस दवाखान्यांनी आपल्या म्हाताऱ्या रुग्णांना पुन्हा चावायला बोलावलं होतं. बारा पानं कोणीही उघडली नव्हती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अरे, बाबांना दवाखान्यात परत बोलावलंय. नवा चावा द्यायला. तुमच्या लॅबचा हुकूम आहे म्हणे."

"जाऊ देऊ नकोस त्यांना."

"गेलेसुद्धा. वैतागून गेलेत. काहीतरी बोलत होते, मला कळलं नाही."

दुपारपर्यंत चावे उरकून दवाखान्यांनी जुन्याच पासवर्डने फाइली पाठवायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. मग सर्व्हरने, शिकवल्याप्रमाणे, एकेकाला चोवीस तासांसाठी हाकलून दिलं. चारपर्यंत चाळीसच्या चाळीस बाहेर. अकरा हजार वेळा ठोठावणाऱ्यांपैकी एकही आत आला नव्हता, हेही खरं.

"सुरक्षित झालंय ना?" मॅडमनी थंडपणे विचारलं.

"पूर्ण सुरक्षित आहे."

"दिसतंय. आठ माणसं हातावर हात धरून बसलीत."

पुढचे चार दिवस तो फोनवर होता. सगळ्या दवाखान्यांना त्याने तेच तेच समजावलं. एका रिसेप्शनिस्टने विचारलं, "मग चावी कुरियरने पाठवू का? कपाटाची आहे तीच ना?" दुसरीने जपून ठेवायची चावीच पाठवून दिली, वर लिहिलं, 'ही कोणाला दाखवू नका.' ओरडायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. तो म्हणाला, "ताई, आपण पहिल्यापासून करू."

या गोंधळात सासऱ्यांचा गुरुवार हुकला. आणखी एक आठवडा सूप. चूक कोणाची ते त्याने घरी सांगितलं नाही. बायकोनेही विचारलं नाही, फक्त भोपळा जरा मोठा आणला.

पुढच्या गुरुवारी त्याने कवळी स्वतः घरी आणली. सासऱ्यांनी ती बसवली, जीभ फिरवून पाहिली, दोनदा दात मिटले. मग जावयाकडे वळून महिन्यातला पहिला स्वच्छ शब्द उच्चारला.

"अनुस्वार."

"अं?"

"अनुस्वार राहिलाय. त्या शुक्रवारी तेच सांगत होतो तुम्हाला."

जावयाच्या डोळ्यांपुढे शुक्रवारचं टेबल आलं, आणि ते पुढे केलेलं बोट. "बाबा, मला वाटलं..."

"तुम्ही सूप वाढलंत. दोन वाट्या." त्यांनी ताटातली काकडी उचलून कचकन तोडली. "आणि मला भोपळा आवडत नाही, हेही महिनाभर सांगतोय."