सतरा नंबर दुरुस्तीत

बस डेपोच्या संगणक विभागात हातांची खुर्ची एकच होती आणि ती तीन महिने रिकामी पडली होती. तिच्यावर आधी अप्पा बसत. अप्पा निवृत्त झाले आणि विभागात मागे राहिला तो त्यांचा जावई. खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना जावईबापू म्हणत. सासऱ्याच्या हाताखाली नोकरी करणं म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जावईबापूंनी ती सात वर्षं केली होती आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, कारण घरी अप्पांची लेक होती.

एका सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावलं.

"अप्पांचा प्रोग्रॅम जुन्या भाषेत आहे. ती भाषा समजणारं मशीन आता एकच उरलंय, आणि तेही धापा टाकतंय. तोच प्रोग्रॅम नव्या भाषेत आणा. चार आठवडे दोन्हींचे ड्यूटीचे कागद तंतोतंत जुळले, की खुर्ची तुमची."

"आणि नाही जुळले तर?"

"हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर माणूस हवाच आहे. छत्र्या फार साचल्यात," साहेब म्हणाले.

अप्पांचा प्रोग्रॅम अकरा हजार ओळींचा होता. कुठला ड्रायव्हर, कुठली बस, कुठला मार्ग, हे दर आठवड्याला तो ठरवत असे. अकरा हजार ओळी हातानं नव्यानं लिहिण्याइतके जावईबापू भोळे नव्हते. त्यांनी निराळाच प्रोग्रॅम लिहिला. त्याला जुन्या भाषेतला मजकूर दिला, की तो नव्या भाषेतला तयार करून देई. थोडक्यात, दुभाषी.

"म्हणजे माझी एकेक ओळ तुम्ही वाचणारच नाही?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात दुखावलेपण होतं.

"दुभाषी वाचेल ना."

"त्या यंत्राला काय कळतंय?"

"कळायची गरजच नाही, अप्पा. जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच काम."

"जसंच्या तसं? अगदी?"

"अगदी."

"मग उतरवा की," अप्पा म्हणाले. एरवी कुठल्याही गोष्टीला हो म्हणायला त्यांना दोन दिवस लागत.

दुभाष्यानं दोन आठवड्यांत काम फत्ते केलं. फक्त एका ओळीपाशी तो अडखळला आणि 'इथला आकडा तसाच ठेवला आहे' एवढी सूचना देऊन पुढे गेला. जावईबापूंनी ती ओळ काढून पाहिली. वार सात असेल आणि मार्ग सतरा असेल, तर बस दुरुस्तीत दाखवावी, असा तिचा अर्थ होता. शेजारी अप्पांनी टीप लिहिली होती: 'तांत्रिक कारण. हात लावू नये.'

जुन्या भाषेत सातवा वार म्हणजे रविवार. म्हणजे सतरा नंबरची बस दर शनिवारी रात्री आजारी पडत होती आणि सोमवारी सकाळी ठणठणीत होत होती. हे बावीस वर्षं चालू होतं आणि खात्यात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"अप्पा, हे तांत्रिक कारण नेमकं काय?"

"तांत्रिक आहे."

"हो, पण म्हणजे?"

"तुमच्या नव्या भाषेत नाही सांगता येणार," असं म्हणून अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं. जावईबापूंनी ओळीला हात लावला नाही.

नेमकं हेच नडलं. नवी भाषा वार मोजते ते शून्यापासून. तिचा रविवार शून्य आणि शनिवार सहा. बाकी सगळीकडे अप्पांनी वारांची नावं वापरली होती, ती दुभाष्यानं बरोबर उतरवली. या एकाच ओळीत मात्र अप्पांनी, घाईत की चोरून कोण जाणे, नुसता सात लिहिला होता. नव्या भाषेत सातवा वार उगवतच नाही. त्यामुळे ती ओळ जागच्या जागी होती, शब्दन् शब्द बरोबर होती, आणि कधीच लागू होणार नव्हती.

पहिल्या आठवड्याचे दोन्ही कागद छापून झाले. साहेब ते सोमवारी ताडून पाहणार होते. तोवर फळ्यावर जुनाच कागद लावायचा, असं ठरलं होतं. पण जुन्या प्रिंटरची अक्षरं इतकी फिकी आली, की टाईमकीपरबाईंनी स्वतःच्या अधिकारात नवा, ठसठशीत कागद लावून टाकला. ड्रायव्हर फळा वाचतात आणि फळा सांगेल ते करतात.

रविवारी सकाळी जावईबापू बायकोसह सासुरवाडीला जेवायला गेले होते. पावणेअकराला दारावरची बेल वाजली. अप्पांनी दार उघडलं आणि त्यांचा हात कडीवरच राहिला. दारात त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी.

"आई!" आतून जावईबापूंच्या सासूबाई धावत आल्या. "अगं, आलीस कशी?"

"बसनं. दारातून निघाले, दारात उतरले."

"सतरा नंबर? रविवारी?"

"हो ना. कोपऱ्यावरचा दुकानदार ओरडत आला, आजी, तुमची बस! लोकांनी मला धरून चढवलं. नाही म्हणायला वेळच नाही दिला."

आजी इतर दिवशी बसनं येत नसत. गर्दीत उभं राहायचं त्यांचं वय नव्हतं, आणि दोन बस बदलायच्या नाहीत हा त्यांचा नेम होता. लेक दर आठवड्याला फोनवर 'रविवारी ये गं' म्हणे, आणि आजी दर आठवड्याला 'बस कुठाय?' म्हणत. बावीस वर्षांत लेकीनं नवऱ्याच्या खात्याला जेवढ्या शिव्या दिल्या होत्या, तेवढ्या प्रवाशांनीही दिल्या नसतील.

"तुमच्या हातून बावीस वर्षांत झालं नाही," त्या अप्पांना म्हणाल्या, "ते जावईबापूंनी एका आठवड्यात करून दाखवलं. आई, आता दर रविवारी यायचं. कारण सांगायचं नाही."

अप्पांनी जावईबापूंना गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"जसंच्या तसं म्हणाला होतात."

"जसंच्या तसंच आहे, अप्पा. मला खरंच कळत नाहीये."

"सतरा नंबर सुरू झाली तेव्हा पहिलं वर्षभर त्या दर रविवारी यायच्या. मी पेपर वाचतो कसा, बसतो कसा, जेवतो किती, सगळ्यावर बोलायच्या. माणसानं काय करावं?" अप्पांचा आवाज भरून आला. "मी कुणाचं वाईट केलं नाही. एक ओळ लिहिली. पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करा. माझी लाज तुमच्या हातात आहे."

संध्याकाळी आजींना परतीच्या बसवर सोडायला जावईबापू गेले. स्टॉपवरच्या बाकावर बसल्यावर आजींनी इकडेतिकडे पाहिलं.

"जावईबापू, ही बस बंद पडेल का हो?"

"आँ?"

"रविवारी माझ्याकडे आम्हा चौघींचा पत्त्यांचा डाव असतो. बावीस वर्षं एक रविवार चुकला नाही. लेकीला येत नाही म्हटलं तर वाईट वाटतं, बस नाही म्हटलं तर वाटत नाही. कुणी देवमाणसानं ती बस बंद ठेवली होती, त्याचं भलं होवो. आज तिघी माझ्या दाराशी येऊन परत गेल्या असतील."

देवमाणूस कोण, हे जावईबापूंनी सांगितलं नाही.

सोमवारी ते डेपोत लवकर गेले. चूक त्यांनी तासाभरात शोधली. साताच्या जागी शून्य घातलं, की काम झालं. पण साहेब त्यांच्याही आधी आले होते. साहेबांची तपासायची पद्धत म्हणजे दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. तसेच ते उभे होते.

"सगळं जुळतंय. एक जागा सोडून. जुन्यात सतरा नंबर दुरुस्तीत, नव्यात रस्त्यावर. कोण चुकलं?"

इकडे आड, तिकडे विहीर. नवा चुकला म्हणावं तर छत्र्या. जुना चुकला म्हणावं तर निवृत्त सासऱ्याची चौकशी. जावईबापूंना ती खुर्ची हवी होती, मनापासून हवी होती. पण गॅलरीतला तो भरून आलेला आवाज कानातून जात नव्हता.

"नवा चुकला, साहेब. चूक माझी आहे. माझ्या दुभाष्यानं वार चुकीचा मोजला."

साहेबांनी कागद काचेवरून खाली घेतले.

"काल त्या बसला बावन्न माणसं होती. सकाळपासून आभाराचे सहा फोन आलेत. आणि तुम्ही म्हणता चूक?"

"चूकच आहे, साहेब. खरंच सांगतोय."

"कळलं मला," साहेब हळवे होऊन म्हणाले. "सासऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेताय. असा जावई मिळायला भाग्य लागतं हो. अप्पांना काही कळवायचं नाही, या वयात मनाला लागेल. उरलेले तीन आठवडेही नकोत. बसा खुर्चीत. आणि सतरा नंबरला दुरुस्तीत टाकणारी जी काही जुनी ओळ असेल, ती माझ्यासमोर काढून टाका."

जावईबापूंनी खुर्चीत बसून ओळ काढली. साहेब मागे उभे होते.

पुढच्या रविवारी अप्पा सकाळपासून घड्याळाकडे बघत बसले होते. पावणेअकराला बेल वाजली. दारात आजी होत्या आणि त्यांच्यामागे त्यांच्याच वयाच्या तिघी.

"लेक म्हणते दर रविवारी ये, या म्हणतात डाव मोडायचा नाही," आजींनी सांगितलं. "मग म्हटलं, बस आहेच, तर सगळ्याच जाऊ."

तिघी आत येऊन टेबलाभोवती बसल्या. एकीनं पत्ते पिसायला घेतले, दुसरीनं अप्पांना पाणी मागितलं आणि पेपर एवढा जवळ धरून वाचू नये असं सुचवलं. तिसरीनं जावईबापूंना निरखून पाहिलं.

"बस चालू करणारे ते हेच का? अहो, आणखी दोघी यायला तयार आहेत. बसायला जागा मिळेल असं काहीतरी बघा."

अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबले. जावईबापू शेजारी येताच त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच जावयाला साहेब म्हटलं.

"साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "रविवारी खात्यात काही काम असतं का हो?"