रिपोर्ट कोणाला सांगायचा?

साळवे सर एका सकाळी लॅबमध्ये आले ते एका पायात जुनी चप्पल आणि दुसऱ्या पायात नवी घालून. अंबडच्या बसस्टँडपासून आमच्या सरकारी दवाखान्यापर्यंत लोक त्यांच्या पायांकडे बघत होते आणि हे आपले मान वर करून चालत आलेले. मी विचारलं, सर, घाईत निघालात का? तर म्हणाले, न्हाई, तपासून राह्यलो. दोन्ही पायांत नवी घातली आणि संध्याकाळी पाय दुखले, तर चपलेनं दुखले की चालण्यानं, हे कसं कळणार? एक पाय जुन्यात ठेवला की निकाल बराबर लागतो. संध्याकाळी त्यांचे दोन्ही पाय दुखले. त्याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

सर आमच्या लॅबचे इन्चार्ज. मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन. माणूस तीर्थपुरी गावचा, लग्न केलं नाही, डोक्याला तेल भरपूर आणि बोलणं मोजकं. त्या मोजक्या बोलण्यात एक वाक्य मात्र दिवसातून दहादा यायचं: "ठीक हे. पण बिघडलं तर कळंल कसं?" नवीन फ्रीज आला, तरी हेच. साहेबांनी रजेचा नियम बदलला, तरी हेच. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले, मुलाचा फोटो दाखवला. सरांनी पेढा तोंडात टाकला, फोटो निरखून बघितला आणि म्हणाले, "ठीक हे. पण..." मी पेढ्यांचा डबा उचलून चालती झाले. म्हटलं, अहो, नवरा आहे तो, मशीन नाही!

आमच्या लॅबमधलं लोखंडी कपाट तर बघायला या कधी. रंगवायचं ठरलं तेव्हा सरांनी तीन हिरवे रंग आणून तीन पट्टे मारले आणि म्हणाले, पावसाळा जाऊ दे, कोणता टिकतो बघू. असे बरेच पावसाळे गेले. तिन्ही टिकले. कपाट अजून पट्ट्यापट्ट्यांचं आहे आणि सर म्हणतात, निकाल लागायचा हे.

अशा माणसाबरोबर मला एक काम करावं लागलं, त्याची ही गोष्ट. जालन्याला खात्याचं प्रशिक्षण निघालं. लॅबमधल्या लोकांनी नुसतं रक्त तपासून थांबू नये, आपली सेवा कुठं अडते ते शोधावं, सुधारणेची आखणी करावी, करून बघावं आणि काय झालं ते चारचौघांत मांडावं, असं ते होतं. कॉम्प्युटर येतो म्हणून माझं नाव गेलं. मार्गदर्शक कोण, तर साळवे सर. झालं! मी मनात म्हटलं, आता तीन पट्टे मारावे लागणार.

अडचण शोधायला लांब जायची गरज नव्हती. गरोदर बायका तपासणीला यायच्या, सकाळी रक्त द्यायच्या आणि रिपोर्ट तयार व्हायच्या आत गावाकडची एसटी धरायच्या. रिपोर्ट आमच्याकडे पडून. त्यात कुणाचं रक्त कमी असलं, तर ती बिचारी तशीच घरी जाऊन पाणी भरणार, भाकरी थापणार. बाळंतपणात अंगावरून जरा जास्त गेलं, की जिवावर बेतणार. माझी आखणी सोपी होती: नोंदणी करताना घरचा मोबाईल नंबर घ्यायचा आणि रिपोर्ट त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. सर म्हणाले, सगळ्यांना नको, आधी एकाच दिवसाच्या बायकांना पाठव. पाठवले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर निळ्या टिका! मी लगेच रंगीत आलेख काढला आणि सरांपुढे ठेवला.

त्यांनी आलेख उलटा-सुलटा करून बघितला आणि आपलं ते वाक्य म्हटलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, सर, टिक निळी झाली म्हणजे वाचलं, आणखी काय पुरावा पाहिजे? तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "टिक नवऱ्याच्या डोळ्याची हे, वैशाली. रक्त बाईचं हे."

मग म्हणाले, एकेका बाईला फोन लावून विचारू. मी फणकाऱ्यानंच फोन लावायला घेतले. पहिले काही बरे गेले. मग पूजा नावाच्या पहिलटकरणीचा नंबर लावला. तिचं रक्त फारच कमी होतं. फोन तिच्या नवऱ्यानं उचलला, पुण्याकडं कंपनीतून. रिपोर्ट बघितला का? बघितला. पूजाला सांगितलं का? ती कुंभार पिंपळगावला गेली, माहेरी. मग कळवलं का? तो भाबडेपणानं म्हणाला, दवाखान्यानं छापून पाठवलं म्हणल्यावर चांगलंच असंल, असं वाटलं.

मी कपाळावर हात मारला. ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी स्वतः माहेरी बाळंत झालेली. पण नंबर सगळे सासरचे घेतले! पोरगी एका गावात, टिक दुसऱ्या गावात. तिच्या वडलांचा फोन बंद. गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या पिंपळगावच्या आशाताईंना पूजा ठाऊकच नव्हती, कारण नाव सासरच्या गावात नोंदलेलं. त्या म्हणाल्या, शोधते. सर म्हणाले, शोधा, पण मी पण येऊन राह्यलो. आणि उठले. चालत्या कामातून उठलेला हा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मीही बरोबर निघाले. एसटीच्या वाटेत तीर्थपुरी आली, तरी त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. सारखे ड्रायव्हरकडे बघत होते.

आशाताईंनी घर शोधून ठेवलं होतं. पूजा चुलीपुढे बसली होती, ओठ पांढरेफटक. आई म्हणत होती, दम लागतो जरा, पोटुशीला लागतोच की. वडील पुढे आले, काय साहेब, काय झालं? सरांनी त्यांना हातानं थांबवलं, पोरीपुढे जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझं रक्त लई कमी हे. भ्यायचं न्हाई, पण आज दवाखान्यात चालायचं. हे तुला पह्यलं सांगून राह्यलो, मंग बाकीच्यायला."

तिनं पदर सावरला. खाली बघून नवऱ्याबद्दल विचारलं, "त्यायला म्हाईत व्हतं का?"

सर उठून गाडी बघायला गेले. तिला त्याच दिवशी जालन्याला नेलं, रक्त चढवलं. पुढे ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पण तिचा तो प्रश्न माझ्या आलेखात कुठं बसवावा, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही आखणी बदलली. आता नोंदणी करताना नुसता नंबर विचारायचा नाही. विचारायचं, बाई, रिपोर्ट आला की तुझ्यापाशी नेऊन सांगणारं माणूस कोण, आणि तू सध्या राहतीस कुठं? सर म्हणाले, बायकांना विचारायच्या आधी आपल्यावर करून बघू, प्रश्न ऐकायला कसा वाटतो ते कळंल. स्टाफच्या वार्षिक तपासणीत त्यांचं स्वतःचं रक्त तपासायचं राहिलंच होतं. ते स्टुलावर बसले, बाही वर केली. मी दंडाला पट्टा बांधला आणि काउंटरवरच्या आवाजात विचारलं, रिपोर्ट आला की कोणाला सांगायचं?

"आईला," ते झटकन म्हणाले. "तीर्थपुरीला."

त्यांच्या आईला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. मी स्वतः गेले होते तेव्हा, सर दारात उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत होते. इतकी वर्षं घरी कोणाला कळवायचं असं कुणी विचारलं असेल, तर तोंडात हेच उत्तर असणार, तेच आलं. मला फार वाईट वाटलं.

सर दंडावरच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "असं उत्तर आलं तर काय करायचं, ते आपल्या आखणीत न्हाई."

मी म्हटलं, "सर, संध्याकाळी घरी जेवायला या. तिथं रिपोर्ट सांगते."

ते हळूच म्हणाले, "बरं. घे आता रक्त, जल्दी."

शीर लगेच सापडली. पण मी सुई बाजूला ठेवली आणि त्यांचा हात तसाच धरून बसले.