वच्छलेची चिठ्ठी

१९६१ साली मी एकतीस वर्षांचा होतो. अकोल्यात आमच्या शेजारी देशकर मास्तर राहायचे. आंघोळ झाली की ते देवाला गंध लावायचे आणि बोटावर उरलेलं एका वहीला. त्या वहीत आकडे होते. जुगाराचे.

त्या काळी अमेरिकेतल्या कापसाचा भाव तारेनं यायचा. त्याच्या शेवटच्या आकड्यावर चौकातल्या नथ्थूच्या पानठेल्यावर अर्धं गाव पैसे लावायचं. मास्तरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पेन्शनीत आल्यावर हे गणित धरलं. रोज एक आणा, जास्त नाही.

"जो आकडा लई दिवस आला नाही, तो उपाशी असतो," ते म्हणायचे. "आणि उपाशी माणूस कधीतरी पानावर येतोच."

मी कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला. शाळा चौथीपर्यंत, पण ऐकून घेणाऱ्यातला मी नव्हतो, आजही नाही. "मास्तर, आकड्याले काय ठाऊक, तो उपाशी हाये म्हून? कालचं बोंड आजच्या बोंडाले वळखते काय? सारा नशिबाचा खेळ हाये."

"गणपत, ज्याला पाढे येत नाहीत त्याच्या गणिताला नशीब म्हणतात."

यावर मी दोन-दोन दिवस त्यांच्याशी बोलत नसे.

पोलिसांच्या भेवानं चिठ्ठीवर खरं नाव कोणी घालत नसे. कोणी 'पैलवान', कोणी 'काळा नाग'. आकडा लागला की नथ्थू ते नाव चौकभर ऐकू जाईल असं पुकारायचा. मास्तरांच्या चिठ्ठीवर नाव असायचं 'वच्छला'.

"मास्तर, हे वच्छला कोन हाये बा? या वयात?" नथ्थू डोळा मारायचा.

"तू पुकार. चौकशा नको."

लागलेल्या पैशाचं ते सगळ्यांना पान खाऊ घालायचे. स्वतः पान खात नसत. मग हा माणूस खेळतो कशाला, हे मला उमगत नसे.

एक दिवस बातमी आली की उद्यापासून भावाची तार बंद. आजचा आकडा शेवटचा. दुपारी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. वही उघडली. नऊचा आकडा तेवीस दिवस उपाशी होता.

"आज नऊ यायलाच पाहिजे, गणपत."

"एक आन्यासाठी एवढा घोर काहून करता?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "वच्छला आमच्या घरातलं नाव. तिला जाऊन सात वर्षं झाली. आता ते नाव कोणी घेत नाही. नथ्थू तेवढा घेतो."

"मंग तुमीच घ्या ना घरात! कोन आडवते?"

"छत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही नावानं हाक मारली नाही. ऐकलं का, एवढंच. आता कोणत्या तोंडानं मारू?"

आमच्या घरीही तीच रीत होती.

दिवेलागणीला ठेल्यावर गर्दी जमली. जन्मात पहिल्यांदा मला मास्तरांचं गणित खरं व्हावंसं वाटत होतं. नथ्थूनं कागद उघडला.

"चार!"

'पैलवान' पुकारला गेला. कोणी शिट्टी मारली. मास्तर तसेच उभे. मी नथ्थूच्या कानाशी लागलो, "पुकार ना बे एक डाव वच्छला. तुह्या बापाचं काय जाते?" नथ्थूनं तोंड उघडलं, तोच मास्तरांनी हात वर केला.

"न लागलेल्या चिठ्ठीचं नाव पुकारू नये."

वही काखेत मारून ते घराकडे निघाले. मी जिंकलो होतो, नशीबच खरं ठरलं होतं. पण त्या वेळी मला ते कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी ओट्यावरून आत हाक मारली, "कौसल्या!" लग्नाला बारा वर्षं झाली होती. कणकेनं भरलेले हात तसेच घेऊन बायको धावत आली. तोंड पांढरंफटक.

"काय झालं वो? कोन गेलं?"

"कोनी नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा हाक मारली.