नलूताईंचं हिरवं-नारंगी

नलूताई घरून इस्पितळापर्यंत काळा चष्मा लावून जात, तेही भर पावसाळ्यात. ट्रामचा कंडक्टर त्यांना आंधळ्या समजून कुणालातरी उठवून जागा करून देई. नलूताई निमूट बसत. "मी तर काही बोललेच नाही. मग खोटं कुठं झालं?" असं मला वर सांगत.

चष्म्याला कारण होतं. बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नलूताई एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होत्या. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या पेशी काचेवर घ्यायच्या, त्यांना खास रंग द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. निरोगी पेशी हिरव्या चमकत, बिघडलेल्या निखाऱ्यासारख्या नारंगी. "डोळे आधी अंधारात मुरावे लागतात," त्या म्हणत, "लोणच्यासारखे."

तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुंकू लावून घेता घेता त्या समोरचीला विचारत, "तपासणीला कधी येतेस?" बायका पदराआड हसत. एकदा एक काकू चिडल्या, "अगं, मला काही होत नाहीये."

"तेव्हाच यायचं असतं," नलूताई शांतपणे म्हणाल्या. "होऊ लागल्यावर कुणालाही दिसतं. त्याला मी कशाला हवी?"

त्यांच्या तगाद्याला कंटाळून मी एकदाची गेले. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

"सुमन, नारंगी दिसलंय."

माझ्या हातातली परात निसटली. त्यांनी ती उचलली आणि कणीक स्वतःच मळायला घेतली. "वरच्याच थरात असणार. तुकडा काढून खात्री करू. वेळेत सापडलंय, आता सोडते होय त्याला?"

तसंच निघालं. छोटं ऑपरेशन झालं, मी हिंडूफिरू लागले. पुढच्या वर्षीच्या तपासणीला त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. सगळं हिरवंगार.

मी खुशीत निघाले. दाराशी पोचले तोच त्या मागून म्हणाल्या, "हिरवं आलं की बायका पुन्हा फिरकत नाहीत. रस्त्यात मी दिसले तरी वाट बदलतात. माझं तोंड बघून दुखणं आठवतं ना." मग जरा थांबून, "तू येत जा. तपासायला नको, नुसती चहाला."

मी परत फिरले, स्टूल ओढलं. "आत्ता मिळेल?"

त्यांनी चहासाठी स्पिरिटचा दिवा पुढे घेतला. काचेवर इतका सराईत असलेला त्यांचा हात, पण काडी काही पेटेना. शेवटी मीच पेटवली.