लिनव्हलची पाठ आणि टबातलं पाणी

"पाठीचं काय घेऊन बसलीस! चार वाजायच्या आत तिला बांबूसारखी सरळ करतो की नाही बघ!"

शनिवारी सकाळी लिनव्हलनं बायकोसमोर ही गर्जना केली. करताना तो कमरेत इतका वाकलेला होता, की गर्जना सगळी जमिनीलाच ऐकू गेली.

जमैकाच्या खड्ड्यांतून इतकी वर्षं मिनीबस हाकल्यावर पाठीचं दुसरं काय होणार? एरवी तो कण्हत-कुथत दिवस ढकलत होता. पण आज चार वाजता मिस पर्लच्या दुकानासमोर डॉमिनोचा सामना होता, आणि तोही एग्बर्टशी! आता, आमच्या पॉन्डसाइडमध्ये डॉमिनो म्हणजे बसून सोंगट्या सरकवणं नव्हे. शेवटची सोंगटी हाती आली की उभं राहायचं, हात आभाळाला टेकवायचा आणि अशी आपटायची की टेबलाला आई आठवावी! गेल्या वर्षी ऐन वेळी पाठीनं दगा दिला आणि एग्बर्टनं त्याला लागोपाठ सहा डावांत हरवलं. सहा-शून्य! यापेक्षा मोठी बेअब्रू गावात नाही. तेव्हापासून लिनव्हलचं नावच ते पडलं. त्याच्याच बसमध्ये मागच्या सीटवरून म्हाताऱ्या ओरडायच्या, "ए सहा-शून्या, चर्चपाशी उतरव रे!" बिचारा मुकाट ब्रेक दाबायचा.

उपाय काढला त्याच्या बायकोनं, आयसिल्डानं. एप्सम सॉल्ट! शाळा उघडायच्या आधी आमच्याकडच्या आया हेच मीठ पाण्यातून पोरांना पाजतात, पोट धुऊन काढायला. त्या दिवशी पोर संडासापासून हाकेच्या अंतरावर राहतं. पण त्याच मिठाच्या गरम पाण्यात बसलं, की म्हणे अंगदुखी पळते.

"दोन वाट्या पुरे," आयसिल्डा म्हणाली.

"दोन वाट्या? अगं, मला काय मुंगी चावलीय?" असं म्हणून लिनव्हलनं अख्खी पिशवी टबात उपडी केली.

धुण्याचा तो पत्र्याचा टब काही दारातून आत जाईना. म्हणून तो अंगणात, ब्रेडफ्रूटच्या, म्हणजे नीरफणसाच्या, झाडाखाली, रस्त्याच्या अगदी कडेला मांडला.

"अरे, गाव जातंय रस्त्यानं! काहीतरी घाल अंगात!" आयसिल्डानं आपला पांढराशुभ्र झोपायचा झगा त्याच्यावर फेकला. ऊन लागू नये म्हणून त्यानं पांढरा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि बसला पाण्यात. अहाहा! आयसिल्डा मिस पर्लकडे पुढच्या खुर्च्या धरायला गेली.

पाणी कोमट झालं, तसा लिनव्हल उठायला गेला. टबानं कंबर सोडली नाही. दोन्ही हात वर करून त्यानं नेट लावला आणि पाठीत अशी उसण भरली की हात वरचे वरच राहिले!

"आई गं! मेलो! मेलो रे देवा!"

आणि नेमके त्याच वेळी ढोल वाजत आले.

मदर झेरिटा आपली रिव्हायव्हल पंथाची, ढोलाच्या तालावर अंगात आत्मा घेणारी मंडळी घेऊन नदीवर निघाली होती, बाप्तिस्म्याला. सगळ्यांचे पांढरे झगे, डोक्याला पांढरी फडकी, हातात निशाणं. आणि वाटेत पाहतात तो काय! पांढरा झगा, डोक्याला पांढरं गुंडाळलेलं, पाण्यात बसलेला, हात वर करून देवाला हाका मारणारा माणूस! आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल की हा काय प्रकार आहे.

"थांबा!" मदर झेरिटा कडाडली. "याला आत्म्यानं धरलंय!"

"आत्म्यानं नाही हो मदर, पाठीनं धरलंय!"

"ऐकलंत? सैतान पाठीवर बसलाय म्हणतोय!"

"मला उठवा हो कुणीतरी!"

"बघा! ज्यानं लग्नानंतर चर्चची पायरी चढली नाही, तो आज उठवा म्हणतोय! वाजवा रे!"

ढोल घुमले. मंडळी टबाभोवती गोल फिरू लागली, पाय आपटू लागली, जमीन हादरू लागली. लिनव्हल किंचाळला की सूर आणखी चढायचा! शेवटी चार दणकट बायका पुढे झाल्या. दोघींनी काखेत हात घातले, दोघींनी टब दाबून धरला आणि दिला हिसडा.

कडाड!

आवाज इतका मोठा झाला, की ढोल थांबले.

लिनव्हल उभा होता. ताठ! तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, वाकून त्यानं स्वतःच्या पायाचे अंगठे धरले. मग मान वर केली. झाडावर ब्रेडफ्रूट लटकत होती. इतकी वर्षं त्यानं फक्त खाली पडलेलीच पाहिली होती! त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरून आले. खरं सांगतो, त्या क्षणी त्या अंगणात कोंबडीसुद्धा हलली नाही.

"हे पाणी!" मदर झेरिटा कुजबुजली.

आणि एकच झुंबड उडाली! लोक बाटल्या, मग, नारळाच्या करवंट्या घेऊन धावले. पहिला घोट मदरनंच घेतला.

"अहो, पिऊ नका! ते मीठ..." लिनव्हल ओरडायला गेला, तेवढ्यात गर्दीत घुसलेला एग्बर्ट त्याला दिसला. "सगळी शक्ती एकट्यालाच हवी काय रे सहा-शून्या?" असं म्हणत त्यानं मोठा मग भरला आणि गटागटा रिकामा केला. वर पुन्हा भरला!

लिनव्हलनं तोंड मिटलं.

चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून तो दुकानासमोर ताठ उभा राहिला. टेबल होतं, सोंगट्या होत्या, आयसिल्डानं धरलेल्या खुर्च्याही होत्या. माणूस मात्र नव्हता!

"सगळे कामात आहेत," मिस पर्ल गंभीरपणे म्हणाली. "मदर म्हणतात, इतकी आतून शुद्धी आजवर झाली नव्हती."

उशिरा कुंपण धरत धरत एग्बर्ट आला. चेहरा उकडलेल्या केळ्यासारखा. मागोमाग मंडळीही आली, थकलेली पण धन्य झालेली. खेळ सुरू झाला. एग्बर्ट दर डावाला पोट धरून मागच्या अंगणात पळायचा आणि परत येऊन चुकीची सोंगटी लावायचा. एक-शून्य! तीन-शून्य! पाच-शून्य! सहाव्या डावात लिनव्हलच्या हाती एकच सोंगटी उरली, आणि ती बसत होती. गेलं ते नाव! गेलं कायमचं!

तो उठला. त्यानं हात आभाळाला टेकवला...

कट्!

हात वरच राहिला. सोंगटी वरच राहिली. "देवा रे!" एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

मदर झेरिटा धाडकन गुडघ्यांवर बसली. तिच्यामागे सगळं गाव बसलं. "आत्मा परत आला!"

"टेबलावर न पडलेली सोंगटी धरत नाहीत!" एग्बर्ट पळता पळता ओरडला. "डाव झालेला नाही!"

नियम नियम असतो. मिस पर्लनंही मान हलवली.

"आयसिल्डा," लिनव्हल दातांतून पुटपुटला, "पाणी तापव."

"तापवते की," आयसिल्डा म्हणाली. "पण मीठ कुठलं आणू? ते सगळं गावाच्या पोटात गेलं."

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक म्हातारी भक्तिभावानं हात जोडून म्हणाली, "सहा-शून्य बाबा, पुढच्या शनिवारी टबात किती वाजता बसणार?"